फणस कोणाच्या सहीने तोडायचा?

कोकणात बंद घर कोणाचं हे कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. आमच्या शेजारचं घर 'आप्पांचं'. आप्पा १९७३ साली गेले. त्यांना पाहिलेली माणसंसुद्धा आता वाडीत मोजकीच उरलीत, तरी घर आप्पांचंच. त्यांची धाकटी सून, जिला आम्ही सगळे काकी म्हणायचो, ती २०१२ पर्यंत तिथे एकटी राहिली. तिच्यामागे दोन-चार वर्षं मुंबईहून पुतणे गणपतीला यायचे, आणि मग त्यांनी गणपतीच मुंबईला नेला. कोकणातल्या माणसाला याच्यापुढे काही सांगायला नको. गणपती हलला की घराला वर्षातून एकदा मिळणारं सारवणही बंद होतं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं. नाव मुद्दाम देत नाही, पुढे लोकांच्या घरातल्या गोष्टी येणार आहेत. मी बँकेतून निवृत्त झाले आणि आम्ही दोघं सासऱ्यांच्या घरात कायमचे राहायला आलो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आप्पांच्या मागील दारचा फणस आमच्या बाजूला कलला. चांगला दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. एका बाजूची मुळं उघडी पडली आणि गडग्याचे, म्हणजे मधल्या दगडी कुंपणाचे, चिरे आमच्या आवारात आले. पुढचे दोन पावसाळे वारा सुटला की आम्ही मागच्या खोलीत झोपत नव्हतो.

आता कोणी म्हणेल, तोडून टाकायचा, विचारतोय कोण. पण फणस हे महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतलं झाड आहे. आंबा, फणस, साग, खैर, जांभूळ अशी बरीच झाडं त्या यादीत आहेत आणि स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी काढावी लागते. वनखात्याच्या माणसाने झाड पाहिलं, धोका आहे हेही कबूल केलं. म्हणाले, "वहिनी, अर्ज मालकाचा लागतो. सातबारा, आणि सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती. तुम्ही शेजारी. तुमच्या सहीवर मी काय करू?"

एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं. मला ते घर विकतही घ्यायचं नव्हतं आणि बळकवायचंही नव्हतं. मला फक्त एक सही हवी होती.

सल्ले मात्र वेगळेच मिळाले. "गडगा पडलाच आहे, चार हात पुढे घाला. बारा वर्षांनी तुमचं." हा बारा वर्षांचा मंत्र गावोगाव प्रत्येकाला पाठ आहे. मुदतीच्या कायद्यात ती बारा वर्षं आहेतही. पण ताबा उघड, सलग आणि मूळ मालकाचा हक्क नाकारून असावा लागतो, आणि ते सगळं सिद्ध करायची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावरच असते, हा भाग कोणी पाठ करत नाही.

पहिली पायरी अर्थात ग्रामपंचायत. घरांची कर आकारणी नमुना नंबर ८ मध्ये असते. घर नंबर, वर्णन, मालकाचं नाव आणि त्याच्या शेजारी भोगवटादाराचं नाव असे वेगवेगळे रकाने. आप्पांच्या घरासमोर मालक म्हणून आप्पा, भोगवटादार म्हणून काकी. म्हणजे दोन्ही रकान्यांत गेलेली माणसं. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, पण नवी होते ती रक्कम. नावं मागच्या यादीवरून पुढच्या यादीत उतरतात. ग्रामसेवकांनीच वर सांगितलं, "आणि हे बघा, आठ नंबरला नाव आहे म्हणजे मालकी आहे असं समजू नका. हा कर वसुलीचा कागद." हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही, असं न्यायालयांनीही वारंवार म्हटलंय. तरी गावात जागेवरून भांडण झालं की पहिली घरपट्टीची पावतीच नाचवली जाते.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. घरपट्टी थकलेली नव्हती. मागणीच्या नोंदवहीत चालू वर्षापर्यंत भरणा. पावत्या सगळ्या आप्पांच्या नावाने. पन्नास वर्षांपूर्वी गेलेला माणूस दरवर्षी कर भरतोय!

भरणारा कोण ते शिपायाने सांगितलं. पलीकडच्या वाडीतला एकजण, जो त्या आवारातले काजू आणि चार हापूसची कलमं खंडाने घेतो. दरवर्षी खंडाच्या रकमेतून घरपट्टी भरायची आणि उरलेले पैसे मुंबईला द्यायचे, असं पूर्वी ठरलेलं. मी त्याला गाठला. फार गोड माणूस. चहा दिला, काजूगर पुढे ठेवले, आणि नंबर विचारल्यावर म्हणाला, "होता ओ, पण त्यांनी बदललान. आता दोन वर्सं काय फोन नाय." पैसे कोणाला देता मग? "ठेवलेत बाजूला." त्याचं बरोबरच होतं. मालक सापडला तर सगळ्यात जास्त तोटा त्याचाच होता. बंद घराभोवती असा एकजण नेहमी असतो, ज्याला घर बंदच राहिलेलं परवडतं. त्याच्याकडून माहिती मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

मग जमिनीकडे वळले. घर आणि घराखालची जमीन यांचे कागद वेगवेगळे असतात, हे शहरात आयुष्य काढलेल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. घाटावर घरं गावठाणात दाटीने असतात आणि गावठाणाला सातबारा नसतो. त्यासाठी केंद्र सरकारची स्वामित्व योजना आली. २४ एप्रिल २०२० ला तिची घोषणा झाली. त्याआधी आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झालेलाच होता. या मोजणीतून घरांना मालमत्ता पत्रक मिळतं. पण कोकणातल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. आमच्यासारखी कित्येक घरं गावठाणाच्या बाहेर, शेतजमिनीच्या नंबरात उभी आहेत. आम्हाला त्या ड्रोनचा उपयोग शून्य. आमच्याकडे घर ज्या सर्व्हे नंबरात, हिस्सा नंबरात बसतं त्याचा सातबारा काढायचा.

नंबर कसा शोधायचा? आमच्या घरजागेचा नंबर मला ठाऊक होता. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून आमचा नंबर टाकला, आणि त्याला लागून उत्तरेला कोणता हिस्सा येतो ते पाहिलं. तो नंबर महाभूलेखवर टाकला की बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. घरबसल्या पाच मिनिटांत मालकांची नावं हातात, आणि मी खूश. आप्पांच्या थोरल्या सूनबाई आणि त्यांचे दोन मुलगे. एवढी तीनच नावं. गणपतीला यायचे तेच पुतणे.

त्यांचा फोन नंबर कोणत्याच सरकारी कागदावर नसतो. तो मिळाला आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाच्या वहीत. हे मंडळ म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. कोकणातल्या बहुतेक गावांचं, कधी कधी एकेका वाडीचंही, मुंबईत एक मंडळ असतं. ठरलेल्या रविवारी सभा, घरटी वर्गणी, देवळाचा जीर्णोद्धार, शिमग्याचा खर्च. वहीत घराचं नाव, सध्याचा कर्ता पुरुष, राहण्याचा पत्ता, मोबाइल, आणि वर्गणी कधी थकली त्याच्या लाल खुणा. तलाठ्याच्या दप्तरात मेलेली माणसं जिवंत असतात, पण या वहीत माणूस गेला की महिन्याभरात नाव बदलतं. कारण वर्गणी मागायची असते!

थोरल्या पुतण्याला फोन लावला. लोअर परळच्या चाळीतून आता विरारला गेलेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, सातबारा आमच्या नावावर आहे, पण घर आमचं नाय. शेतं आमच्याकडे, घर काकाकाकीला, असं आजोबांच्या मागे तोंडी वाटप झालंय. उद्या काकीचा कोण वारस उभा राहिला तर? फणस तोडलात म्हणून माझ्यावर येणार." काकीचा वारस कोण? तिला मूलबाळ नव्हतं. "तेच तर," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

म्हणजे कागदावर जो मालक होता, तो स्वतःच म्हणत होता की मी मालक नाही. बँकेत तारण कर्जाच्या फायली पाहिल्यामुळे मला एवढं कळत होतं की आता फेरफार काढावे लागणार.

सातबाऱ्यावर प्रत्येक नावाजवळ एक क्रमांक असतो. तो फेरफाराचा. हे नाव इथे कोणत्या नोंदीने आलं याचा तो पत्ता. लोक सातबारा वाचतात म्हणजे नावं वाचतात आणि क्षेत्र वाचतात. खरं वाचायचे ते हे क्रमांक आणि उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना. आमच्या या सातबाऱ्यावर इतर हक्कात दोन बायकांची नावं होती. एक कंसात, एक बिनकंसाची. हातच्या सातबाऱ्यावर नाव कंसात टाकलं की त्याचा हक्क संपला असं समजायचं. मग ज्या नावाला कंस नाही ती बाई कोण? नाव माहेरचं, आडनाव आप्पांचं. वाडीत विचारलं तर "असेल कोण जुनी" यापलीकडे उत्तर नाही. तरुणांना खरंच माहीत नव्हतं. म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण ते बोलायचं नाही असं ठरल्यासारखे गप्प.

जुन्या फेरफारांसाठी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज केला. कोर्ट फी स्टॅम्प, गावाचं नाव, फेरफार क्रमांक. इथे मला वाईट अनुभव आला असं कोणाला ऐकायचं असेल तर निराशा होईल. बाजूला बसलेल्या बाईंनी मला रजिस्टर समोर ठेवून पाहू दिलं. लाल कापडी पुठ्ठा, वाळवीने कोपऱ्यातून आत खाल्लेली पानं, आणि तलाठ्याचं तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर. १९७४ सालची नोंद. मजकूर साधारण असा: खातेदार मयत, वारस मुलगे तीन, मुली दोन, दुसरे वारस नाहीत, थोरल्या मुलाचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल, मुलींची नावे इतर हक्कात. खाली मंजुरीची सही.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरात भाऊ पाच असोत की दहा, सातबाऱ्यावर कर्त्याचं एक नाव लावायचं, ही तेव्हाची पद्धत. त्याने मालकी त्या एकट्याची होत नाही, तो फक्त सगळ्यांच्या वतीने. पण पुढे काय होतं? १९९६ ला थोरले गेले. त्यांचा वारस फेरफार झाला तेव्हा त्यांच्या बायकोचं आणि दोन मुलांचं नाव लागलं, ए.कु.मॅ. ही अक्षरं गळली, आणि मधला आणि धाकटा भाऊ सातबाऱ्यावरून कायमचे नाहीसे झाले. कोणी लबाडी केली असंही नाही. कारकुनाने समोर आलेली वर्दी नोंदवली. महाराष्ट्रात भावाभावांच्या निम्म्या खटल्यांचं मूळ या तीन अक्षरांत आहे असं माझं मत झालंय. निम्म्या हा आकडा माझा, कोणी पुरावा मागू नये.

आणि मुलींची नावं इतर हक्कात का? हिंदू वारसा कायदा १९५६ चा. आप्पा गेले तेव्हा त्याला सतरा वर्षं होऊन गेली होती. मुलगी त्या कायद्यानेही वारस होतीच. पण मुलगे मालकीच्या रकान्यात आणि मुली उजवीकडे, हा रिवाज कायद्याला न जुमानता चालू राहिला. २००५ च्या दुरुस्तीनंतर लोकांना मुलीचा हिस्सा ही गोष्ट नवीन आल्यासारखी वाटते, पण ती तेवढी नवीन नव्हती.

एका बहिणीच्या नावाला कंस कसा पडला, हे शोधायला दुय्यम निबंधक कार्यालय. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची मिळकतवार यादी, शोधता येते. वर्ष, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकायचा. मुंबईबाहेरचे दस्त तिथे २००२ पासूनचे मिळतात. ती कॅप्चाची आकडेमोड पहिल्या खेपेला कधीच लागत नाही, हे मात्र मनाची तयारी करून बसावं. माझ्या शोधात काहीच आलं नाही. म्हणजे निदान २००२ नंतर ते घर कोणाला विकलेलं नव्हतं. हेही एक उत्तरच. त्याआधीचं शोधायला कार्यालयात शोध फी भरून जुन्या सूच्या पाहाव्या लागतात. यासाठी तुम्ही मालक असण्याची गरज नसते. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक १, म्हणजे जमीन-घरांच्या दस्तांचं, आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते. मृत्युपत्रांचं पुस्तक ३ मात्र असं उघडं नाही. पुष्कळ लोक "तुमचा काय संबंध?" या एका प्रश्नाला घाबरून परत येतात. शांतपणे कलम सांगायचं.

सूचीत १९९८ चं एक हक्कसोडपत्र सापडलं. त्याची नक्कल मागितली. दस्त वाचणं ही गोष्ट मला आवडते, पण इतका लक्ष लावून मी दुसरा कोणताच वाचलेला नाही. लिहून घेणार मधले भाऊ आणि थोरल्यांची मुलं. मिळकतीच्या वर्णनात शेतं, आणि 'त्यातील राहते घर, चिरेबंदी, कौलारू'. चतुःसीमेत 'दक्षिणेस' म्हणून माझ्या सासऱ्यांचं नाव. आणि लिहून देणार या शीर्षकाखाली दोन नावं टाइप केलेली होती. नंबर १ थोरली बहीण, वय ६९. नंबर २ च्या नावावर आडवी रेघ, शेजारी सह्या, आणि समासात हाताने लिहिलेलं 'खोडले'. रेघेखालचं सगळं वाचता येत होतं. माहेरचं नाव, सासरचं नाव, वय ६०, राहणार कोल्हापूर जिल्ह्यातलं एक गाव.

हीच ती बिनकंसाची. सहीच्या दिवशी ती आलीच नाही, किंवा आली आणि सही केली नाही. दस्ताची नक्कल घेऊन घरी आल्यावर मी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंना नावानिशी विचारलं. मग मात्र त्या बोलल्या. "ती धाकटी. आमच्या बरोबरची. भावांनी सही मागितली तर म्हणाली, मला काय नको, पण सही नाय करणार. तेव्हापासून तिला कोणी माहेरी बोलावलं नाय. शिमग्यात देवीची ओटी भरायला यायची, तीपण बंद."

मी तालुक्याच्या एका वकिलांकडे सगळे कागद घेऊन गेले. काकी गेली तेव्हा कोण कोण हयात होतं, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, थोरले १९९६ ला गेले, मधले २००८ ला, काकीचा नवरा १९८९ लाच. थोरली बहीण २००१ ला. म्हणजे २०१२ साली या पाच भावंडांपैकी ती एकटी धाकटी बहीण. वकील हसले. म्हणाले, "मग काकीच्या हिश्शाचं उत्तर सोपं आहे, फक्त ते कोणालाच आवडणार नाही."

ते त्यांनी समजावलं तसं सांगते. निपुत्रिक विधवेला जे नवऱ्याकडून वारशाने मिळालं, ते तिच्यामागे, तिने मृत्युपत्र केलेलं नसेल तर, तिच्या माहेरी जात नाही. १९५६ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ते नवऱ्याच्या वारसांकडे जातं. आणि नवऱ्याचे वारस धरायचे ते जणू तो तिच्या लगेच मागून वारला असं मानून. म्हणजे १९८९ ची नाही, २०१२ ची परिस्थिती बघायची. कायद्याने वारसांचे वर्ग पाडलेत. वर्ग १ चं, म्हणजे मुलं, बायको, आई असं सगळ्यात जवळचं, कोणी नाही. वर्ग २ मध्ये भाऊ आणि बहीण एका पायरीवर, आणि भावाची मुलं त्याच्या खालच्या पायरीवर. वरच्या पायरीवर एकजण जरी हयात असला तरी खालच्यांना काही मिळत नाही. पुतणे बाद. मधल्यांची पुण्याची मुलगीही बाद. काकीचा हिस्सा सगळाच्या सगळा त्या नणंदेकडे, जिला कोणी ओटी भरायलाही बोलावलं नव्हतं. शिवाय आप्पांची मुलगी म्हणून तिचा स्वतःचा हिस्सा होताच. तो तिने सोडलेला नव्हता.

"पण अख्खं घर तिचं म्हणायचं तर तोंडी वाटप सिद्ध व्हायला हवं," वकील म्हणाले. "नाहीतर घरातसुद्धा सगळ्यांचे हिस्से. फणसाला मात्र काही फरक पडत नाही. सातबाऱ्यावरच्यांच्या सह्या घ्या, आणि त्या बाईंची संमती जोडा."

रेघेखालच्या पत्त्यावर मी साधं पत्र टाकलं. पंचवीस वर्षांपूर्वीचा पत्ता, पोचेल की नाही कोण जाणे. खेड्यात पोस्टमन बदलतो पण घरं बदलत नाहीत. पंधरवड्याच्या आत त्यांच्या मुलाचा फोन आला, आणि त्याने फोन आईकडे दिला. वय शहाऐंशीच्या आसपास, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "बरका की कापा ते माहिताय का तुला? कापा आहे तो. विहिरीकडच्या फांदीचे गरे सगळ्यात गोड." मी म्हटलं, आत्या, तो आता आमच्या घरावर पडायला आलाय. "मग तोडा की. माणसांपेक्षा झाड मोठं का?" सही करणार का? त्यावर थोडं थांबून म्हणाल्या, "झाडाला करीन. घराला नाही करणार, कोणाच्याच कागदावर." हक्कसोडपत्राला सही का केली नाही ते मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं. "सही केली असती तर धाकट्या वहिनीला बाहेर काढली असती त्यांनी. माझं नाव तिथे होतं म्हणून घर विकता आलं नाही." हे खरं किती आणि मागाहून सुचलेलं किती, मला ठरवता येत नाही. पुतण्याचं म्हणणं अर्थातच वेगळं आहे.

आत्यांची संमती आल्यावर पुतण्याने आणि त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी सही केली. आपल्या एकट्यावर येणार नाही एवढीच त्याला खात्री हवी होती. वनखात्याची पाहणी झाली, पंचनामा झाला, परवानगी मिळाली आणि २०२४ च्या पावसाआधी फणस उतरवला. लाकडाचे पैसे कोणी घ्यायचे यावर मंडळाच्या सभेत चर्चा झाली, आणि शेवटी ते देवळाच्या सभामंडपाला दिले. म्हणजे कोणालाच दिले नाहीत.

माझं काम तिथे संपलं, पण घराचं संपलं नाही. २०२५ च्या एप्रिलपासून महसूल खात्याने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. गावात दवंडीच पिटल्यासारखं झालं. आत्यांच्या मुलाने १९७४ च्या फेरफाराची नक्कल जोडून, आत्यांचं नाव इतर हक्कातून मालकीच्या रकान्यात घ्यावं असा अर्ज दिला. नोटीस निघाली आणि मुदतीत पुतण्याची हरकत आली. फणसाच्या वेळी "घर आमचं नाय" म्हणणाऱ्याने लेखी दिलंय की घर आणि जमीन वडिलोपार्जित असून आमच्याच वहिवाटीत आहे. मला राग आला नाही. फणसाला सही करायची तर मालकी ही जोखीम होती, इथे तिला किंमत आहे. मुंबई–गोवा महामार्गाचं काम जसं पुढे सरकलं तसे आमच्याकडच्या गुंठ्याचे भाव सगळ्यांना तोंडपाठ झालेत.

आता ती तक्रारी नोंद झाली. सुनावणी होईल, निकाल ज्याच्या विरुद्ध जाईल तो प्रांतांकडे अपिलात जाईल. आणि तिथे जो जिंकेल त्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं, तरी फेरफाराने मालकी ठरत नाही. ती ठरवायची तर दिवाणी कोर्ट. वकिलांनी आत्यांच्या मुलाला हे स्पष्ट सांगितलंय. तो म्हणतो, आई आहे तोवर नाव लागू दे, पुढचं पुढे.

मध्यंतरी काजूवाला घरी आला होता. यंदाचा खंड कोणाला द्यायचा, असं विचारत होता. दोन्हीकडून त्याला फोन येऊ लागलेत आणि बाजूला ठेवलेल्या रकमेचा हिशोब मागताहेत. "वहिनी, तुम्ही कागद बघितलेत, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, मी सांगणार नाही. सुनावणीची तारीख तेवढी त्याला लिहून दिली. आणि आत्यांचा नंबर.